नोकरी आणि संसार सांभाळून विद्यापीठात पुन्हा शिकताना: सोलापूरकर प्रौढांसाठी

प्रौढ वयात पुन्हा शिकू पाहणारा माणूस बहुधा 'कोणता कोर्स घ्यावा?' या प्रश्नापासून सुरुवात करतो. अठराव्या वर्षी हा प्रश्न योग्य असतो. चाळिशीत मात्र त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो असा, की अभ्यासक्रम संपल्यावर हाती येणारे प्रमाणपत्र नेमके कोण वाचणार आहे. अभ्यासक्रमाचा प्रकार, त्याची मान्यता, त्यासाठी लागणारी कागदपत्रे, फी आणि वेळ या सर्वांचे उत्तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एखाद्या टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहणारा कर्मचारी जीएसटीची विवरणपत्रे स्वतः भरता यावीत म्हणून शिकणार असेल, तर त्याचे प्रमाणपत्र वाचणारा त्याचा मालक आहे, आणि मालक कागदाकडे ओझरते पाहून थेट काम सांगतो. अशा माणसाने दोन वर्षांच्या पदविकेत अडकण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचा, संगणकावर प्रत्यक्ष सराव करून घेणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याला पुरतो. जिल्हा परिषदेतील कनिष्ठ सहायकाला पदोन्नतीसाठी पदवी हवी असेल, तर त्याचे प्रमाणपत्र आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी पाहणाऱ्या शाखेत, वाचले जाईल. तिथे शिकवण्याचा दर्जा कोणी विचारणार नाही, पण मान्यतेतील एक त्रुटीही खपणार नाही. आणि निवृत्त शिक्षकाला घरातील जुन्या दप्तरातील मोडी कागद वाचायचे असतील, तर त्याचे प्रमाणपत्र कोणीही वाचणार नाही. त्याने केवळ शिकवणारा कोण आहे एवढेच पाहावे. या तिघांनी एकमेकांचा सल्ला घेतला तर तिघांचेही नुकसान होते, आणि आपल्याकडे नेमके तेच होत असते. शेजारच्याने घेतला म्हणून घेतलेला प्रवेश दिवाळीपर्यंत टिकत नाही.

शिकण्याची दारे

सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न होती. २०१९ मध्ये या विद्यापीठाचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. पुणे रस्त्यावर बाळे ओलांडल्यावर केगाव येथे त्याचा परिसर आहे. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण पुढे कागदपत्रांच्या भागात येईल.

विद्यापीठ म्हणजे केवळ नियमित पदव्या देणारी संस्था, ही समजूत आधी सोडावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या आपल्या धोरणात अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने 'विस्तार' हे विद्यापीठांचे तिसरे कर्तव्य मानले, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने तर आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठीचे मंडळ हे विद्यापीठाच्या प्राधिकरणांपैकी एक ठरवले. म्हणजे नोकरदार, गृहिणी, शेतकरी यांच्यासाठी अभ्यासक्रम चालवणे ही विद्यापीठाची मेहेरबानी नाही. ते त्याचे ठरलेले काम आहे. चौकशी करायला जाताना हे ध्यानात असावे, कारण खिडकीवर 'तुमच्या वयाच्या लोकांसाठी इथे काही नसते' असे उत्तर मिळाले तर माणूस मुकाट्याने परत फिरतो. अशा वेळी संबंधित विभागाचे नाव घेऊन विचारावे, आणि चालू वर्षाची प्रवेशसूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून सोबत न्यावी. छापील कागद समोर ठेवला की संभाषणाचा सूर बदलतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

दुसरे दार शहरातील महाविद्यालयांचे आहे. दयानंद, संगमेश्वर, वालचंद यांसारख्या जुन्या महाविद्यालयांची नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु महाविद्यालये नियमित वर्गांखेरीज अल्प मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवतात, हे पालकांनाही अनेकदा माहीत नसते. यांतील काही अभ्यासक्रम केवळ त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि काही बाहेरच्यांनाही खुले असतात. म्हणून चौकशी करताना 'बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश आहे का' आणि 'प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव असेल की महाविद्यालयाचे' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मालकाला दाखवायचे असेल तर महाविद्यालयाचे प्रमाणपत्र चालते. आस्थापना शाखेला दाखवायचे असेल तर ते बहुधा पुरत नाही.

तिसरे दार मुक्त विद्यापीठांचे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद मराठी घरांत परिचित आहे. येथे वर्गाला 'संपर्कसत्र' म्हणतात, शिकवणाऱ्याला 'समंत्रक' आणि प्रवेश ज्या महाविद्यालयातून घ्यायचा त्याला 'अभ्यासकेंद्र'. हे शब्द आधीच माहीत असले की माहितीपुस्तिका वाचणे सोपे जाते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी, प्रवेश मिळतो. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. दोहोंतील निवड करताना भाषेचा विचार सर्वांत आधी करावा. नाशिकच्या विद्यापीठाचे बरेच साहित्य मराठीत आहे, तर दुसऱ्याचे बहुतांश साहित्य इंग्रजी आणि हिंदीत असते. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि कामावर हिंदी अशी अनेकांची स्थिती असते. कन्नड आणि उर्दू माध्यमात शिकलेलेही शहरात पुष्कळ आहेत. अशा व्यक्तीने आपण बोलतो कोणत्या भाषेत हे न पाहता, तीन तास बसून उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहू शकतो हे पाहावे. बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा एकच असेल असे आपल्या शहरात गृहीत धरता येत नाही.

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावरील अभ्यासक्रम २०१७ पासून घरबसल्या विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. ज्याला आपण अभ्यासाला बसू शकतो की नाही याचीच शंका आहे, त्याने पैसे भरण्याआधी येथे आठ आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम करून पाहावा. चौथ्या आठवड्यात तो सुटला तर पैसे गेले नाहीत, आणि आपल्याला एकट्याने शिकणे जमत नाही, वर्गच हवा, हे कळले.

दहावी किंवा बारावी राहून गेली असेल तर विद्यापीठाच्या दारात जाण्याआधी ती पूर्ण करणे हाच सरळ मार्ग आहे. राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा 'सतरा नंबरचा फॉर्म' हा त्यासाठीचा जुना आणि खात्रीचा उपाय. मात्र त्याची नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी होते, त्यामुळे जानेवारीत शाळेत जाऊन उपयोग नसतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि एकेक विषय सोडवत पाच वर्षांपर्यंत पूर्ण करता येतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या, सर्व विषय एकदम न झेपणाऱ्या व्यक्तीला हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बारावीशिवाय मिळवलेल्या पदवीला नोकरीच्या वेळी आक्षेप येऊ शकतो, त्यामुळे 'बारावी नसली तरी चालेल, थेट पदवी घ्या' असे सांगणाऱ्याचे ऐकण्यापूर्वी आपले प्रमाणपत्र कोण वाचणार आहे हे पुन्हा एकदा आठवावे.

जुनी कागदपत्रे: खरी परीक्षा येथेच

प्रौढ विद्यार्थ्याची वाट अभ्यासाने जेवढी अडते, त्याहून अधिक वेळा ती जुन्या कागदांनी अडते. प्रवेशाची मुदत पंधरा दिवसांची असते आणि हरवलेले गुणपत्रक मिळवायला दोन महिने लागू शकतात. म्हणून अभ्यासक्रम ठरला नसला तरी कागदांची जुळवाजुळव आजच सुरू करावी. ती वाया जात नाही.

सोलापूर जिल्हा माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या पुणे विभागीय मंडळात येतो. दहावी-बारावीचे गुणपत्रक हरवले, फाटले किंवा वाळवीने खाल्ले असेल, तर दुसरी प्रत तेथून मिळते. मात्र त्यासाठी परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक लागतो, आणि वीस वर्षांनंतर बैठक क्रमांक कोणालाही आठवत नाही. तो शाळेतील जुन्या निकालपत्रकात सापडतो. शाळेत जाताना आपण शाळा सोडल्याचे वर्ष आणि त्या काळातील नाव लिहून न्यावे, आणि शक्यतो परीक्षांच्या दिवसांत जाऊ नये. त्या वेळी कार्यालयातील लिपिकाला मान वर करायला सवड नसते. १९७५ पूर्वीची, जुन्या अकरावी मॅट्रिकची प्रमाणपत्रे असलेले ज्येष्ठही कधी कधी प्रवेशाला येतात. त्यांनी आपले प्रमाणपत्र दहावीच्या नवीन पद्धतीच्या आधीचे आहे हे अर्जासोबत स्वच्छ लिहून द्यावे, म्हणजे 'बारावीचे कुठे आहे' या प्रश्नावर फाइल अडकत नाही.

शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला ही दुसरी अडचण. पदवीचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून यंत्रमागावर किंवा दुकानात लागलेल्या अनेकांनी दाखला कधी मागितलेलाच नसतो. तो महाविद्यालयात पडून असतो, किंवा थकलेली फी भरल्याशिवाय मिळत नाही. ही बाकी लहान असते, पण तिच्या लाजेने माणूस वीस वर्षे त्या फाटकातून आत जात नाही. जावे. समोरचा लिपिक त्या वेळी कदाचित जन्मलाही नसेल आणि त्याला तुमच्या बाकीशी काही देणेघेणे नसते.

तिसरी बाब स्थलांतर प्रमाणपत्राची, म्हणजे विद्यापीठ बदलताना आधीच्या विद्यापीठाकडून आणायच्या दाखल्याची, आणि येथे वर सांगितलेला इतिहास उपयोगी पडतो. २००४ पूर्वी सोलापुरातूनच पदवी घेतलेल्या व्यक्तीची पदवी शिवाजी विद्यापीठाची असते. तिने आता सोलापूर विद्यापीठात प्रवेश घेतला, तर घर न बदलता, शहर न बदलता विद्यापीठ मात्र बदललेले असते, आणि स्थलांतर प्रमाणपत्र कोल्हापूरहून आणावे लागते. 'मी तर इथेच शिकलो' या युक्तिवादाचा काहीही उपयोग होत नाही. प्रवेश मिळाल्यानंतर ते सादर करण्यासाठी बहुधा मुदत मिळते, पण ती संपली की परीक्षेचा अर्ज अडतो. याउलट २००४ ते २०१९ या काळातील पदवीवर केवळ 'सोलापूर विद्यापीठ' असे नाव असेल. ते आणि आजचे विद्यापीठ एकच असल्याने तेथे स्थलांतराचा प्रश्न येत नाही. बाहेरच्या राज्यातील नोकरीसाठी अर्ज करताना मात्र हा नामबदल एका ओळीत लिहून द्यावा.

नावाचा गोंधळ हा सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची गुणपत्रके माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचे आणि बँकेचे खाते तिसऱ्याच रूपात असते. पूर्व भागातील तेलुगू कुटुंबांत घराण्याचे नाव आधी लिहायचे की शेवटी, यावरून एकाच व्यक्तीची दोन कागदांवर दोन नावे होतात. शहराचे नावही जुन्या इंग्रजी कागदांवर 'शोलापूर' असे दिसते, पण त्याने काही अडत नाही. अडते ते आडनावातील एका अक्षराने. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ते जोडावे. नाव कायदेशीररीत्या बदललेले असेल तर राजपत्राची प्रत जोडावी. आणि माझे आग्रहाचे सांगणे असे, की प्रवेश दहावीच्या गुणपत्रकावरील नावानेच घ्यावा. आधार कार्डावर दुरुस्ती करता येते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रकावर करणे फार अवघड जाते. माझ्या स्वतःच्या पदविकेच्या वेळी वडिलांच्या नावातील एक वेलांटी अर्जात चुकली, ती मी 'नंतर पाहू' म्हणून सोडली, आणि पुढे ती दुरुस्त करण्यासाठी ज्या कार्यालयात तीन खेपा घातल्या, तेथे तिसऱ्या खेपेला 'प्रवेशाच्या दिवशीच सांगायचे होते' असे ऐकून घ्यावे लागले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

नावे जुळण्याला आता आणखी एक कारण आहे. २०२१ पासून विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या खात्यात जमा करण्याची व्यवस्था झाली आहे. त्यासाठी लागणारा बारा अंकी 'अपार' क्रमांक आधारवरील माहितीवरून तयार होतो, आणि 2024 पासून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन शिक्षणक्रमाला प्रवेश घेताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा वेगळा 'डेब' क्रमांकही काढावा लागतो. ही दोन्ही कामे मोबाइलवर अर्ध्या तासात होतात, अट एवढीच की आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे. तो बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्यावा. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी नेट कॅफेत बसून हे काम करू नये.

शिक्षणातील खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र अर्जात मागितले असेल तरच करावे. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत नोकरी असेल तर प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. नंतर घेतलेली परवानगी सेवापुस्तकात नोंद करताना प्रश्न निर्माण करते.

मान्यता कशी तपासावी

शहरात आणि तालुक्याच्या गावांत 'घरबसल्या पदवी' अशा पाट्या दिसतात. त्यांतील काही खऱ्या अभ्यासकेंद्रांच्या असतात आणि काही केवळ दलालीच्या. ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ आपल्या कार्यक्षेत्राबाहेर अशी केंद्रे चालवू शकत नाही, आणि खासगी संस्थांना केंद्र म्हणून नेमून त्यांच्याकडून शिक्षण देणेही मान्य नाही. त्यामुळे दूरच्या राज्यातील, कधी न ऐकलेल्या विद्यापीठाचे 'अधिकृत केंद्र' मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर असेल, तर तेथून परत फिरावे. तीन वर्षांची पदवी काही महिन्यांत, किंवा मागील तारखेने मिळेल असे सांगणारा माणूस तुम्हाला पदवी देत नसून तुमच्या नोकरीवरचे संकट विकत देत असतो.

तपासणी दोन पायऱ्यांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव मान्य यादीत आहे का आणि बनावट विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट वर्षासाठी मान्य आहे का, हे पाहावे. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. विद्यापीठ खरे असते, पण घेतलेला अभ्यासक्रम त्या वर्षी मान्य नसतो, आणि हे आस्थापना शाखेत गेल्यावर कळते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला, विधी हे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला परवानगी नाही. २०२५ पासून मानसशास्त्र आणि आरोग्यसेवेशी संबंधित विषयही त्यांत आले आहेत. समुपदेशक होण्याच्या इच्छेने दूरस्थ मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

एक चांगली गोष्ट अशी, की एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला आयोगाने परवानगी दिली आहे: एक नियमित आणि एक दूरस्थ, दोन्ही दूरस्थ, किंवा वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही नियमित. नोकरदाराला दोन्ही झेपतील असे मात्र मला वाटत नाही.

फी भरताना संस्थेच्या नावानेच भरावी आणि पावती घ्यावी. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोनवरून ओळख झालेल्या 'सरांच्या' क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. शिष्यवृत्त्या मुख्यतः नियमित अभ्यासक्रमांसाठी असतात, म्हणून अल्प मुदतीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी ती मिळेल असे धरून चालू नये.

वेळेचा हिशेब

'रोज तासभर अभ्यास करीन' हा संकल्प हिशेब नव्हे. हिशेब श्रेयांकांवरून करावा. व्याख्यानाच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. स्वतःचा अभ्यास धरून एका श्रेयांकामागे सुमारे तीस तास लागतात. बारा श्रेयांकांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असेल, तर एकूण ३६० तास, म्हणजे सव्वीस आठवड्यांत दर आठवड्याला जवळपास चौदा तास. यांपैकी सात वर्गात आणि सात घरी. शनिवार-रविवारच्या वर्गांत सात तास निघतात. उरलेले सात कोठून काढायचे, हे प्रवेशाआधी घरातील सर्वांसमोर बसून ठरवावे. ठरवताना पाणी येण्याचा दिवस मोजायला विसरू नये. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे त्या दिवशी घरातील बाईच्या अभ्यासाचे तास शून्य धरावेत, किंवा पाणी भरण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. हा दुसरा पर्याय वेळापत्रकात लेखी असलेला बरा.

जिल्ह्याची दिनदर्शिकाही पाहावी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरात कोणाचाही अभ्यास होत नाही, हे मान्य करून टाकावे. आषाढी वारीच्या काळात पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा बाजूने येणाऱ्यांना एसटीत उभे राहायलाही जागा मिळत नाही, आणि जुलै सत्राच्या प्रवेशाची धावपळही साधारण त्याच दिवसांत असते; त्यांनी कागदपत्रांची पडताळणी वारीपूर्वी उरकावी. साखर कारखान्यातील कामगारांचा गाळप हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. अशा कामगाराने जुलैत प्रवेश घेतला तर डिसेंबरची परीक्षा ऐन हंगामात येते; सहा महिन्यांचा प्रमाणपत्र शिक्षणक्रम जानेवारीत घेतला तर जूनच्या परीक्षेपूर्वी त्याला मोकळे आठवडे मिळतात. विडी वळणाऱ्या स्त्रियांना रोजचा ठरलेला आकडा पूर्ण करावा लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वर्गात हजेरी सक्तीची आहे का, हा पहिला प्रश्न असायला हवा.

केगावचा परिसर शहराबाहेर असल्याने संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर परतीच्या वाहनाची व्यवस्था प्रवेशाआधीच पाहून घ्यावी. त्यासाठी एकदा वर्गाच्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन यावे. कागदावरचे अंतर आणि रात्री आठ वाजताचे अंतर यांत फरक असतो.

घरी अभ्यास होत नसेल तर सार्वजनिक वाचनालयांचा उपयोग करावा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था शहरात आहे. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, मुलांचा गृहपाठ आणि पाहुणे यांच्यामध्ये पुस्तक उघडण्यापेक्षा आठवड्यातून तीन वेळा दोन-दोन तास बाहेर बसणे अधिक फळ देते.

वर्गात गेल्यावर

पहिला महिना अवघड जातो, आणि त्याचे कारण विषय नसतो. हाताला लिहिण्याची सवय राहिलेली नसते. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिण्यासाठी बोटांना सराव लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज एक पान हाताने लिहावे. कोणत्याही विषयावर चालेल. वर्गातील मुले 'काका' किंवा 'मावशी' म्हणू लागतात, काही वेळा शिकवणारे आपल्याहून लहान असतात. शिकवणाऱ्यांना वयाचा विचार न करता 'सर' किंवा 'मॅडम' म्हणावे आणि न समजलेले त्याच तासाला विचारावे. प्रौढ विद्यार्थी प्रश्न विचारायला लाजतो आणि मग घरी जाऊन रात्री दोन वाजेपर्यंत त्याच पानावर अडकतो.

गृहपाठ किंवा स्वाध्याय असतील तर ते मुदतीच्या आठवडाभर आधी द्यावेत आणि पोच घ्यावी. इंदिरा गांधी विद्यापीठाच्या अनेक शिक्षणक्रमांत गृहपाठाला सुमारे तीस टक्के भार असतो. तो सादर केला नाही तर परीक्षा चांगली जाऊनही निकाल अपूर्ण राहतो. दरवर्षी अभ्यासात हुशार असलेले कित्येक जण येथेच अडकतात, कारण त्यांना गृहपाठ हे शाळकरी काम वाटते.

मध्येच सोडण्याची वेळ आली तर सांगून सोडावे. पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक खात्यात जमा झाले आहेत का, हे पाहावे. ते साधारणपणे सात वर्षांपर्यंत उपयोगात आणता येतात. नव्या पद्धतीच्या पदवीत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे. न सांगता गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र पुढे तोच दाखल्याचा आणि थकलेल्या फीचा प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.

निकाल लागल्यावर गुणपत्रक हातात घेताच त्यावरील नाव, आईचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि श्रेयांकांची बेरीज खिडकीवरच उभे राहून वाचावी, आणि चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची शिक्का मारलेली पोच घ्यावी. मूळ प्रमाणपत्र ल‌ॅमिनेट करू नये, कारण पुढे कोठे साक्षांकनाचा शिक्का मारावा लागला तर तो प्लास्टिकवर बसत नाही. विद्यापीठाने प्रमाणपत्र डिजिलॉकरवर उपलब्ध केले असेल तर ते तेथे उतरवून ठेवावे, आणि पदवी असेल तर पदवीदान समारंभाचा अर्ज मुदतीत भरावा, कारण गुणपत्रक मिळाले म्हणजे पदवी प्रमाणपत्र मिळाले असे होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते.